चालून झिजलेली नाणी

घरात जुनं नाणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" इतिहासाची आवड असलेली काही मंडळी या प्रश्नावर नाक मुरडतात. मला तो रास्त वाटतो. मूर्तीबद्दल किंवा पोथीबद्दल असं विचारलेलं कदाचित खटकेल, पण नाण्याचा जन्मच मोलासाठी झालेला असतो. टाकसाळीतून बाहेर पडल्यापासून ज्या ज्या हातात ते गेलं, त्या प्रत्येक हाताने त्याला हेच विचारलं आहे. बाजारात त्याला दगडावर वाजवून बघितलं, पोतदाराने तराजूत टाकलं, सराफाने कसोटीवर घासलं. आपण शंभर-दीडशे वर्षांनी तोच प्रश्न पुढे चालवतो. मात्र या प्रश्नाची आजची उत्तरं ऐकली की मला दर वेळी थोडं वाईट वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगावं असं बरेच दिवस मनात आहे.

निमित्त झालं आत्याच्या डबीचं. तिच्याकडे लक्ष्मीपूजनाला एक पितळी डबी निघते. त्यात सासूकडून आलेली नाणी आहेत. चांदीचे काही रुपये, तांब्याच्या शिवराया, दुसऱ्या महायुद्धातले भोकाचे पैसे आणि एक जाडजूड पिवळट नाणं, ज्याच्या एका बाजूला रामदरबार आहे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 हा आकडा. शेजारच्या मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात अगदी असंच नाणं होतं आणि खाली किंमत लिहिली होती एक कोटी. आत्याने मला फोन केला. "अरे, खरं असेल का रे? खरं असलं तर नातवंडांच्या शिक्षणाचं होईल." तिच्या आवाजात हाव नव्हती, काळजी होती. म्हणून मी डबी घेऊन तिच्यासह पुण्याला, ओळखीतल्या एका जुन्या नाणेवाल्या काकांकडे गेलो. ते आता दुकान चालवत नाहीत. घरीच, खिडकीशी टेबल टाकून बसतात.

काकांनी ते रामदरबाराचं नाणं आधी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "ताई, हे पूजेत ठेवा. राम आहे त्यावर. पण हे नाणं नाही."

त्यांनी कारणं सांगितली ती अशी. कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडायला सुरुवात केली ती 1835 मध्ये. त्याआधी कंपनीच्या निरनिराळ्या इलाख्यांची नाणी निरनिराळी असत, पण असं रामदरबाराचं आणि 'एक आणा', 'दोन आणे' लिहिलेलं नाणं त्यांच्या कुठल्याच टाकसाळीतून निघालेलं नाही. त्यावर 'यूकेएल' अशी जी इंग्रजी अक्षरं असतात, तीही कंपनीच्या खऱ्या नाण्यांवर येत नाहीत. अशीच 1616 आणि 1717 या आकड्यांचीही नाणी फिरतात. आकडा लक्षात राहील असा निवडायचा आणि देव बसवायचा, एवढीच त्यातली करामत. यात्रेच्या ठिकाणी भाविकांनी जवळ बाळगायला रामटंका म्हणून चांदीसोन्याचे देवाचे ठसे फार पूर्वीपासून बनत आले आहेत. ती परंपरा खरी आणि सुंदर आहे. पण ते चलन नव्हतं, आणि आत्याकडचा तुकडा तर त्या रामटंक्यांचीही अलीकडची नक्कल होता.

राम-सीतेचं खरंखुरं चलनी नाणं आहे. ते पाडलं अकबराने, कारकिर्दीच्या अखेरच्या काळात, 1604-05 च्या सुमारास. धनुर्धारी पुरुष, मागे स्त्री, आणि वर नागरी अक्षरांत 'रामसीय'. जगात अशी नाणी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. काकांनी त्याचं चित्र आत्याला पुस्तकात दाखवलं. तिने चष्मा वर सरकवून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बादशहानं काढलं होय हे?" कोटीचं नाणं गेल्याचं दुःख त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. जुन्या नाण्यांच्या नावावर साध्या माणसांना लुबाडणं हा आज मोठा धंदा झाला आहे. तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं नाणं म्हणून 'राईस पुलर'च्या नादाने घरंच्या घरं धुळीला मिळाली आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं, अशीही हूल उठत असते. ते नाणं सरकारने अलीकडे, 2012 मध्ये काढलेलं आहे. यातली रीत साधारण सारखीच. तुमचं नाणं आम्ही घेतो, मोठी रक्कम देतो, मात्र आधी कराचे किंवा कमिशनचे एवढे पैसे भरा. कहर म्हणजे यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जाऊ लागलं, आणि ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, असं कुठलंही शुल्क आपण घेत नाही. नाणं विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, ही मागणीच उलटी आहे. एवढं जरी घरोघरी पोचलं तरी पुष्कळांचं नुकसान टळेल.

मग काकांनी चांदीचे रुपये घेतले. कडा धरून एकेक उचलला, पृष्ठभागाला बोट लागू दिलं नाही. वजनकाट्यावर ठेवला. 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात 91.7 टक्के चांदी. हे प्रमाण 1835 पासून शंभरहून अधिक वर्षं टिकलं. 1940 मध्ये, महायुद्धाच्या ओढाताणीत, चांदी निम्म्यावर आली आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर रुपया निकेलचा झाला. म्हणून मोडीत घेणारा सराफ आधी साल बघतो. वजन जमलं, मग कडेवरचे दाते भिंगातून पाहिले. ओतून केलेल्या नकली रुपयाच्या कडेला सांधा दिसतो. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली बारीकसं टिंब असलं तर तो मुंबईच्या टाकसाळीचा, नसलं तर कलकत्त्याचा. आत्याचा रुपया मुंबईचा निघाला. साल 1918.

"साधा आहे," काका म्हणाले. "चांदीचे येतील. वर थोडे फार."

"साधा म्हणजे?"

"खूप पाडलेत ना ताई त्या वर्षी. हवा तेवढा मिळतो."

त्या एका वर्षी मुंबई आणि कलकत्ता मिळून 40 कोटींहून अधिक रुपये पाडले गेले. एवढे का, याची हकिकत मला फार मोलाची वाटते. पहिलं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड, माणसं सगळं बाहेर जात होतं. ब्रिटन त्याचा हिशेब लंडनमध्ये पौंडात मांडत होता, पण इथल्या शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, शिपायाला हातात रुपया द्यावा लागत होता, आणि लोक रुपया घरात ठेवत होते, कारण काळ वाईट होता. चांदी पुरेना. 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांचा तिच्यावर भरवसा बसेना. 1918 मध्ये तर मुंबईत नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला माणसांची रीघ लागली. सरकारच्या तिजोरीतली चांदी तळाला गेली. तेव्हा अमेरिकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. सुमारे 27 कोटी डॉलर वितळले, आणि त्यातल्या बहुतेकांची चांदी ब्रिटनला विकली गेली ती हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी.

म्हणजे वाईजवळच्या एका घरात, दर दिवाळीला हळदकुंकू लागणाऱ्या या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्यावर एके काळी स्वातंत्र्यदेवतेचं मुख होतं, ते आटवून त्यावर राजाचं मुख आलं. आत्याच्या सासऱ्यांचे वडील त्या काळी मुंबईत गिरणीत होते. पगारातून साठलेले रुपये ते गावी आणत, असं घरात सांगतात. नोटेपेक्षा रुपया बरा असं ज्यांना त्या साली वाटलं, त्यांच्यातलेच ते एक असणार.

असा हा रुपया, आणि बाजारात त्याला भाव फक्त चांदीचा.

त्याच्या उलट 1911 चा रुपया घ्या. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीतला पहिला. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्तीचं छोटं चित्र होतं, पण सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गवगवा झाला. सरकारने बाहेर न गेलेले रुपये आटवले आणि पुढच्या वर्षी ठसा सुधारला. आज संग्राहक हा 'डुक्कर रुपया' मुद्दाम शोधतात आणि 1912 च्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात. 1939 चा चांदीचा रुपया तर फारच थोडा उरला आहे, म्हणून तो त्याहून महाग. त्याची नक्कल इतकी होते की काका तो हातात घेण्याआधीच शंकेने बघतात.

माझं वाईट वाटणं इथे आहे. नाण्याने चालावं, हातोहात जावं, त्याच्यावर कुणी संशय घेऊ नये, हे त्याचं काम. ज्याने हे काम उत्तम केलं ते साधं ठरतं. ज्याच्यात खोट निघाली, जे परत बोलावलं गेलं, जे बाहेर पडलंच नाही, ते दुर्मीळ ठरतं आणि काचेच्या पेटीत जातं. एकाच सालाच्या दोन रुपयांतही तसंच. कुणाच्या तरी पेटीच्या तळाशी निजून राहिलेला, राजाच्या दाढीचा केस न् केस शाबूत असलेला रुपया कैकपटीने जातो. जो बाजारहाट करून, मजुरी चुकती करून, हुंड्यात आणि गहाणवटीत फिरून गुळगुळीत झाला, त्याची किंमत प्रत्येक हाताने थोडी थोडी कमी केली. बाजाराचा हा नियम समजतो मला. दुर्मीळाला मोल येणारच, आणि संग्राहकाला ठसा स्वच्छ हवा यात गैर काही नाही. त्यांच्या या आवडीमुळेच कितीतरी नाणी आटण्यापासून वाचली आहेत. पण म्हणून झिजलेल्या नाण्याला घरच्यांनीही 'काही नाही याचं' म्हणून मोडीत टाकावं, हे मला सहन होत नाही.

शिवराईचं तर हेच भाग्य. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन काढला आणि तांब्याची शिवराईही. खरे होन आज इतके थोडे आहेत की एखादा लिलावात आला तर बातमी होते, आणि त्यांच्या नकला मात्र पोत्याने. शिवराई उदंड मिळते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कुलुपं, पाने आणि पितळी दिव्यांच्या शेजारी ताटभर शिवराया पडलेल्या दिसतात. होन हा राज्याच्या प्रतिष्ठेचा होता. मीठमिरची, भाजी, बलुत्याची बारीकसारीक देणी, देवापुढची दक्षिणा हे सगळं शिवराईने पेललं. महाराजांच्या पश्चात छत्रपतींच्या पुढच्या पिढ्यांत ती पडत राहिली, पेशवाईत मक्त्याने दिलेल्या टाकसाळींतून पडत राहिली, पेशवाई बुडाल्यावरही चालत राहिली. दीडशे वर्षांहून अधिक काळ राजाच्या नावाने, आणि त्यातला बहुतेक काळ तो राजा हयात नसताना. माझ्या मते एखाद्या राजाच्या नावाला लोकांनी दिलेली याहून मोठी पावती नाही.

हाताने ठोकलेलं नाणं असल्यामुळे एकीसारखी दुसरी शिवराई नसते. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून कुठे नुसतं 'राजा' उमटतं, कुठे 'शिव' अर्धं कापलं जातं. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी. कुठे चंद्र, कुठे सूर्य, कुठे टिंबांची नक्षी. कारागीर बदलला की अक्षराचं वळण बदलतं. कुणाला लिहिता येत होतं आणि कुणी नुसतं बघून कोरलं, तेही कळतं. या फरकांवरून टाकसाळ आणि काळ ओळखण्याचा अभ्यास मराठी माणसांनी स्वतः उभा केला आहे, आणि त्यात अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. म्हणजे एखाद्या डबीतली स्वस्तातली शिवराई अजून कुणी न नोंदवलेला प्रकारही असू शकते. पण ते समजायला ती डोळ्यांपुढे यावी लागते, आणि तिच्यावरची अक्षरं शिल्लक असावी लागतात.

"घासता का तुम्ही?" काकांनी विचारलं.

"दर दिवाळीला," आत्या म्हणाली. "चिंच लावून. लक्ष्मीपुढे काळी नाणी कशी ठेवायची?"

काका हसले, पण समजुतीने. तांब्यावर आणि चांदीवर वर्षानुवर्षं धरलेला काळपट थर धातूला राखतो. चिंचेने, राखेने, पितांबरीने तो निघतो आणि त्याबरोबर ठशाची बारीक धारही जाते. संग्राहक घासलेलं नाणं लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. मी हे सगळं जाणतो, तरी आत्याच्या बाजूने बोलल्यावाचून मला राहवत नाही. चार पिढ्यांच्या बायकांनी वर्षातून एकदा या नाण्यांना हातात घेऊन न्हाऊ घातलं, म्हणूनच ती आज डबीत आहेत. न घासणाऱ्या कितीतरी घरांतली नाणी केव्हाच पाटल्यांत आणि तोरड्यांत गेली. यापुढे फक्त कोमट पाण्यातून काढून मऊ फडक्याने टिपायचं, असं काकांनी सुचवलं आणि आत्याने ते मान्य केलं. लक्ष्मीला काळी नाणी चालतील का, हे ती तिच्याशी परस्पर बोलेल असं म्हणाली.

एका रुपयाला वरच्या बाजूला डागाची खूण होती. कधीतरी कडी लावून तो माळेत ओवला होता. कडी काढली, डाग राहिला. दुसऱ्यावर सराफाचा बारीक ठसा. 1835 आधी आपल्याकडे रुपयांची गर्दी होती. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, प्रत्येकाची चांदी वेगळी आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा. म्हणून पोतदार आणि सराफ नाणं पारखून त्यावर आपली खूण ठोकत, आणि ती सवय पुढेही राहिली. असा ठसा म्हणजे कुणीतरी आपल्या पेढीची अब्रू पणाला लावून हे नाणं खरं आहे असं म्हटलं होतं. आजच्या किमतीत तो दोष धरला जातो.

खुणा ठोकलेल्या नाण्याने केवढं मोठं सांगावं याचं उदाहरण नाशिकजवळ आहे. 1906 मध्ये जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे 13,250 नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूची नाणी त्याने आटवली नाहीत. नहपानाच्या मुखावरच आपली खूण उठवून ती चालू ठेवली. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीने आपल्या मुलाने क्षहरातांचा निःपात केल्याचं कोरवून ठेवलं आहे. आईने मुलाचं केलेलं ते कौतुक खरं होतं, याची साक्ष या नाण्यांनी दिली. एकेकटं नाणं हे सांगू शकलं नसतं. सगळी एकत्र, एका ठिकाणी, किती साधी आणि किती ठसा मारलेली हे मोजता आलं, म्हणून ते कळलं. जमिनीत पुरलेला असा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायचं, हा 1878 चा कायदा आजही लागू आहे. लोक त्याला घाबरतात आणि नाणी गुपचूप वाटून आटवतात. मग चांदी उरते, बाकी सगळं जातं.

काकांनी शेवटी कागदावर आकडे मांडले. रुपये चांदीच्या भावाने. भोकाचे पैसे नगावर, अगदी थोडे, कारण युद्धात तांबं वाचवायला पाडलेले हे पैसे इतके झाले की लोकांनी पुढे ते नटबोल्टाखाली चकती म्हणून वापरले. शिवराया वाणसामानाच्या एका पिशवीइतक्या. एकूण बेरीज नातवंडांच्या शिक्षणाला पुरणारी नव्हती. वह्यापुस्तकांना पुरली असती.

आत्याने विकायचं नाही म्हणून सांगितलं. चहा घेताना काकांनी तिला एक काम लावून दिलं. प्रत्येक नाण्याला वेगळं कागदी पाकीट करायचं. प्लास्टिक नको, धातूला ते मानवत नाही. पाकिटावर साल आणि टाकसाळ तर लिहायचीच, पण त्याखाली हे कुणाकडून आलं, कुठून आलं, घरात त्याच्याबद्दल काय बोललं जातं तेही लिहायचं. "ते तुम्हाला एकटीलाच ठाऊक आहे, ताई. साल मी शंभर वर्षांनीही सांगेन."

ती पाकिटं झाली आहेत. 1918 च्या रुपयावर तिने गिरणीचा उल्लेख केला आहे, आणि पणजोबा रुपये धोतराच्या कनवटीला बांधून घाट उतरत असत हेही. कडीच्या डागाच्या रुपयावर माळ कुणाची होती आणि ती कुठल्या दुष्काळात मोडली हे आहे. एका शिवराईचं पाकीट अजून अर्धं कोरं आहे. ती नांगराच्या फाळाला लागली होती, एवढं आत्याला आठवतं. तिच्यावर 'राजा'च्या शेजारी एक खूण आहे, ती काकांनाही लागली नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे विचारून बघा म्हणाले. आत्याला त्र्यंबकेश्वराला जायचंच आहे. शेताचा गट नंबर तिने सातबाऱ्यावरून उतरवून पाकिटात घालून ठेवला आहे.